व्हॉल्वमनच्या छातीतली झडप

मित्रांनो, ज्याच्याकडे मी बावन्न वर्षं नोकरी केली, त्याच्या जन्माच्या सात महिने आधीच मी कामावर रुजू झाले होते. मुलाखत नाही, नेमणुकीचं पत्र नाही. मी एक जुनी झडप आहे. दाराची असते तर निदान रस्ता दिसला असता. मी हृदयातली. डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडतं आणि सगळ्या अंगाला जातं, त्या तोंडावर माझी ड्यूटी. रक्त आलं की उघडायचं, गेलं की मिटायचं, आणि गेलेलं माघारी येऊ द्यायचं नाही. दिवसातून एक लाख वेळा. रविवारीही. दिवाळीलाही. मालक झोपला तरी.

मला डोळे नाहीत. जे कळलं ते ऐकून कळलं. कान नसताना ऐकू कसं आलं, हे विचारू नका. बरगड्यांची भिंत फार पातळ असते आणि आमच्या घरातली माणसं फार मोठ्याने बोलतात.

माझ्या घडणीतच एक भानगड झाली होती. माझ्यासारख्या झडपेला तीन पाकळ्या असतात. त्या कशा करायच्या याची कृती प्रत्येकाच्या पेशीत लिहिलेली असते, एक प्रत आईकडून, एक बापाकडून. जळकोटजवळच्या एका खेड्यात गुरुपादप्पांच्या घरी जे बाळ येऊ घातलं होतं, त्याच्या बापाकडच्या प्रतीत कुठेतरी एखाददुसरं अक्षर वेगळं होतं. नेमकं कोणतं, हे शिकलेल्या लोकांनाही अजून पुरतं सापडलेलं नाही. पण तेवढ्यावर माझ्या तीनपैकी दोन पाकळ्या एकमेकींना चिकटल्या त्या चिकटल्याच, आणि मी दोन पाकळ्यांची झाले. शंभरातल्या एखाद्याचं असं होतं. कोणी तक्रार केली नाही. कुठे करायची हे मलाही माहीत नव्हतं.

बाळाचं नाव मल्लिनाथ ठेवलं. पोरगं विहिरीत उड्या मारायचं, चिंचेवर चढायचं, मास्तर दिसले की शेताच्या बांधाबांधाने पळायचं. मी दोन पाकळ्यांत तिघींचं काम उरकत होते. कुणाला पत्ता नव्हता. झडपेचं असंच असतं, मित्रांनो. नीट चालली तर ती आहे हेच कुणाला माहीत नसतं.

मोठा झाल्यावर मल्लिनाथने लातूरच्या एका भागात नळाला पाणी सोडायची नोकरी धरली. तो व्हॉल्वमन झाला. माझं नशीब बघा. अख्ख्या मराठवाड्यात शिक्षक होते, कंडक्टर होते, किराणा दुकानदार होते. मला मिळाला तो रस्त्याखालच्या लोखंडी झडपा उघडझाप करणारा माणूस. गल्लीच्या कोपऱ्यावर चेंबर, चेंबरात व्हॉल्व, आणि मल्लिनाथच्या खांद्यावर कमरेएवढी लांब लोखंडी चावी. चौदा आटे फिरवले की व्हॉल्व पूर्ण उघडतो. पाणी पाचव्या-सहाव्या दिवशी यायचं, त्यामुळे तो कोपऱ्यावर दिसला की लोकांना देव दिसल्यासारखं व्हायचं. एक दिवस उशीर झाला की त्याच देवाला सरजाबाई भेटायची. सरजाबाई त्या गल्लीतली. तिची घागर नेहमी पहिली.

"मामा, आमच्याकडं करंगळीएवढी धार अन् तुमच्या घराकडं लई फोर्स हाय म्हणं!"

"माझ्या घराला टँकर येतो, सरजाबाई."

"मग टँकरला फोर्स हाय म्हणा की."

आपल्या व्हॉल्वांवर मल्लिनाथचा भारी जीव. कोणता कुरकुरतो, कोणत्याचा तिसरा आटा जड जातो, सगळं त्याला पाठ. पावसाळ्याआधी तो प्रत्येकाला ग्रीस लावायचा. "ह्यो बिचारा लई जुना हाय, ह्याला दमानं घ्या," असं नव्या माणसांना सांगायचा. मी आतून ऐकायचे. मला तर कुणी ग्रीस लावत नव्हतं. मी रुसायचं ठरवलं असतं तर सहा सेकंदांत सगळं आटोपलं असतं. म्हणून रुसले नाही.

चाळिशीच्या आसपास माझा त्रास सुरू झाला. तीन पाकळ्यांवर वाटून जायचा तो मारा दोघींवर बसत होता. रक्ताची धार तिरपी आदळायची, बारीक बारीक चरे पडायचे. त्या चऱ्यांत चरबी शिरली. मल्लिनाथच्या रक्तात एक चिकट जातीची चरबी जरा जास्तच होती. तिचं प्रमाणही खाण्यापिण्याने नाही, जन्मतःच ठरलं होतं. म्हणजे बापाकडून एक अडचण आली होती, दुसरी कुणाकडून आली देव जाणे, आणि दोघींची गाठ माझ्या अंगावर पडली. मग सूज आली. सूज म्हणजे शत्रू नव्हे. सूज म्हणजे दुरुस्तीला आलेली मंडळी. पांढऱ्या पेशी आल्या, त्यांनी पाहणी केली, आणखी पेशींना बोलावलं. दुरुस्ती कधीच संपली नाही आणि मंडळी कधीच परत गेली नाहीत. उलट इतकी वर्षं माझ्याबरोबर राहणाऱ्या माझ्याच पेशींना त्यांनी असं काही पढवलं की त्या हाडं तयार करणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागल्या. माझ्यावर चुना बसू लागला. मऊ पाकळीची हळूहळू फरशी झाली.

मी आत होते आणि माझं अंगच माझ्याभोवती बंद होत होतं. कुठे जाणार? पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा होती, तीही कमी होत चालली. मला ओरडता येत नव्हतं. रक्त फटीतून जाताना खर्र असा आवाज व्हायचा, तेवढीच माझी भाषा. आणि ती ऐकायला छातीवर कान ठेवणारं कुणी नव्हतं. सगळ्यांचे कान नळाकडे.

मल्लिनाथला दम लागायला लागला. चौदा आट्यांत दोनदा थांबायचा आणि उगीच चेंबरात वाकून बघायचा, म्हणजे लोकांना वाटावं की काहीतरी तपासतोय. त्याच्या बायकोला, महानंदाला, हे कळलं. तिला त्याचे वडील आठवत होते. गुरुपादप्पा पंचावन्नाव्या वर्षी देवळाच्या पायऱ्या चढताना मधेच बसले ते उठलेच नाहीत. गावाने ठरवलं, ऊन लागलं. पौष महिना होता.

महानंदाने त्याला धरून दवाखान्यात नेलं. नांदेडच्या हृदयाच्या डॉक्टर, डॉ. धम्मप्रिया, दर शनिवारी लातूरला यायच्या. महानंदाला बाहेर बसवलं होतं. डॉक्टरबाईंनी छातीवर नळी ठेवली आणि बराच वेळ हलवली नाही. एकावन्न वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी ऐकत होतं. मी जीव तोडून खर्र केलं. मग त्यांनी सोनोग्राफीच्या मशीनवर मला पाहिलं.

"काका, झडपेवर चुना बसलाय. फार अरुंद झालीय. बदलावी लागेल, लवकर. दुसरं म्हणजे ही जन्मापासूनच दोन पाकळ्यांची आहे. हे घराण्यात उतरू शकतं. मुलं किती?"

"एक पोरगी. पुनम."

"तिची तपासणी करून घ्या."

"तिला काय झालंय म्याडम? पोलीस भरतीची तयारी करूलाली. रोज सकाळी पाच किलोमीटर पळती."

"तुम्हीपण पळत होता, काका."

बाहेर येऊन मल्लिनाथने महानंदाला सांगितलं, "चुना बसून थोडं जाम हाय म्हणल्या." बस्स. पुनमबद्दलचं वाक्य त्याने गिळलं. ते खाली उतरून माझ्याशेजारी येऊन बसलं आणि पुढचे अकरा महिने तिथेच राहिलं.

आता ऐका, मित्रांनो, या अकरा महिन्यांत काय झालं. दुसरा कुणी माणूस घाबरला असता, रडला असता, देवाला नवस बोलला असता. आमचा माणूस व्हॉल्वमन. त्याच्या धंद्यात एक नियम आहे: जो व्हॉल्व रोज फिरतो तो जाम होत नाही. बसून राहिला की धरतो. त्यावर औषध एकच, फिरवत राहायचं. त्याने हा नियम मला लावला. रोज सकाळी आणि संध्याकाळी तो पाण्याच्या उंच टाकीचा जिना चढायला लागला. एकशे बारा पायऱ्या. खाली पुनम मोबाईलवर वेळ लावून उभी.

"पप्पा, काल चार मिनिटं दहा सेकंद होती, आज चार पन्नास! ढिल्ले पडूलाले तुम्ही!"

"आगं, दम... दम तर घेऊ दी."

"भरतीला असं म्हणत न्हाईत पप्पा. चला, आजून एक राउंड!"

पोरीला काय माहीत. तिला वाटत होतं बापाचं पोट कमी करायचंय.

चुन्याचा बंदोबस्त महानंदाने घेतला. आमच्या बोअरचं पाणी खारं. घागरीच्या बुडाला पांढरा थर बसतो, तो लिंबू घासलं की निघतो. हे तिला माहेरपासून ठाऊक. डॉक्टरबाई चुना म्हणाल्या, मग औषध लिंबूच. दिवसाला पाच लिंबं. वर चिंचेचं सार. दूध बंद, कारण दुधात चुना असतो. पान बंद, कारण पानाला चुना लावतात. पानाबरोबर तंबाखूही सुटली. अकरा महिन्यांत शास्त्राला धरून झालेली गोष्ट ही एवढीच, तीही चुकून. लिंबू पोटात जात होतं, मित्रांनो. पोटात काहीच अडकलं नव्हतं. मी वर, लिंबू खाली, आणि मधे पडदा.

मी रोज थोडी बंद होत होते. माझ्यामागे हृदयाचा डावा कप्पा जाड होत चालला होता, तालमीत पैलवानाचे दंड होतात तसा. तो ढकलायचा, मी उघडायचे नाही. मला उघडायचं नव्हतं असं नाही. मला जमत नव्हतं. मला सोडवायचं तर कापून काढायला हवं होतं. म्हणजे मी जाणार आणि तो जगणार. नाही काढलं तर दोघंही जाणार. हिशेब सरळ होता, पण मला मतदानाचा हक्क नव्हता.

एका बुधवारी सरजाबाईच्या गल्लीची पाळी होती. मल्लिनाथने चावी लावली. सहा आटे फिरवले. सातवा फिरवताना त्याने पूर्ण जोर लावला. डाव्या कप्प्याने जोर लावला. मीही लावला. फटीतून जेवढं गेलं तेवढं डोक्यापर्यंत पोचलं नाही. तो चेंबरच्या कडेला आडवा झाला.

पहिला आवाज एका माणसाचा: "अरे, अर्धाच खोललाय!"

दुसरा: "चावी कुठं हाय? आजून सात आटे ऱ्हायलेत!"

मग सरजाबाईची घागर रस्त्यावर आपटल्याचा आवाज आला. "तुमच्या नळाला आग लागो! आधी मानूस उचला! ए रिक्षावाल्या, हिकडं ये! कामून बघत ऱ्हायलास?" तिने स्वतः त्याचे पाय धरले. त्या दिवशी त्या गल्लीला अर्ध्याच फोर्सने पाणी आलं आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही. अशी ती एकच पाळी.

लातूरहून त्याला नांदेडला हलवलं. शुद्धीवर आला तेव्हा खाटेशी महानंदा, पुनम आणि डॉ. धम्मप्रिया होत्या.

"काका, अकरा महिने कुठे होता?"

"टाकीवर," महानंदा म्हणाली. लिंबांचंही तिने सांगितलं.

"या चुन्यावर लिंबू चालत नाही, मावशी. आजतरी कुठलीच गोळी चालत नाही. ऑपरेशनच. आणि काका, मुलीची तपासणी केली का?"

माझ्याशेजारी बसलेलं ते वाक्य उठून उभं राहिलं.

"कसली तपासणी?" पुनम म्हणाली.

डॉक्टरबाईंनी सांगितलं. पुनमचा आवाज एकदम बारीक झाला. "पप्पा, तुमाला हे ठावं होतं? अन् मी... मी मोबाईल धरून तुमाला पळवत ऱ्हायले? ढिल्ले म्हणले तुमाला?"

"तुझी भरती हाय मार्चमधी."

"भरतीला काय करायचंय!"

"तपासनीत काही निघालं असतं मंग? चार वर्षं पळलीस तू." तो भिंतीकडे तोंड करून पडला. "मला न्हाई करायचं आपरेशन. माझा व्हॉल्व मला कळतो. अजून थोडा फिरवला की सुटतो."

महानंदा रडायला लागली. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "काका, रस्त्याखाली व्हॉल्व बिघडला हे तुम्हाला कसं कळतं? खणून बघता?"

"खणायचं कामून? लोखंडी सळई व्हॉल्ववर टेकवायची, दुसरं टोक कानाला. पानी बोलतंय की."

डॉक्टरबाईंनी आपली नळी गळ्यातून काढली, त्याच्या कानांना लावली आणि दुसरं टोक त्याच्याच छातीवर, माझ्या बरोबर समोर ठेवलं.

मित्रांनो, तो माणूस आणि मी बावन्न वर्षं एका घरात राहिलो. त्या दिवशी पहिल्यांदा भेटलो. माझ्याकडे सांगायला पुष्कळ होतं. पण मी नेहमीचंच म्हटलं. खर्र. खर्र. खर्र.

त्याने डोळे मिटले असावेत. चेंबरवर तो ऐकायचा तेव्हा अंग असंच स्थिर व्हायचं. मग हळू आवाजात, ड्यूटीवर बोलायचा तसा बोलला.

"म्याडम, हे तर दोन आटेसुदिक उघडं न्हाई."

"नाही."

"आत सगळा खार धरलाय. स्पिंडलचा दांडा आखडलाय."

"असा व्हॉल्व तुम्ही फिरवता?"

त्याने नळी छातीवर आणखी दाबून धरली. मग म्हणाला, "असा व्हॉल्व फिरवला तर मोडतो. मेन लाईन फुटती. आख्खं गाव तहानतं." त्याने नळी कानातून काढली. "ह्याला फिरवायचं नसतं. बदलायचं असतं. कुठं सही करायची सांगा."

ऑपरेशनच्या दिवशी हृदय थांबवलं. बाहेरच्या मशीनने रक्त फिरवायचं काम हाती घेतलं. मला जन्मापासूनची पहिली सुट्टी मिळाली. काय करावं सुचेना. मग कात्री आली. दुखलं नाही, फक्त एकदम सगळं हलकं झालं. इतकी वर्षं ज्याला घट्ट धरून बसले होते तो माणूस माझ्यापासून सुटा झाला.

माझ्या जागी धातूची नवी बसवली. तिलाही दोनच पाकळ्या आहेत. पण तिला कुणी नावं ठेवत नाही. ती टिकटिक वाजते. महानंदा म्हणते, घड्याळ गिळल्यावानी वाजतंय, शेजारी झोप लागत न्हाई. रक्त पातळ ठेवायची गोळी त्याला आता जन्मभर घ्यायची आहे आणि तो ती पाण्याच्या पाळीसारखी वेळेवर घेतो.

आठव्या दिवशी मला एका छोट्या बरणीत घालून त्याला दाखवलं, तपासणीला पाठवण्याआधी. त्याने बरणी उजेडाकडे धरली. डोळे नाहीत, पण उजेड कळला.

"एवढीशी?" तो म्हणाला. बराच वेळ बघत राहिला. "लई राबली बिचारी."

इतकी वर्षं कुणी असं म्हणावं असं मला वाटत होतं. म्हटलं तेव्हा मी बूच लावलेल्या बरणीत होते आणि उघडून दाखवायला पाकळी हलत नव्हती.

त्याच दुपारी त्याने पुनमला तपासणीच्या खोलीत आणलं. खरं तर ती त्याला आणत होती, कारण तो अजून भिंत धरूनच चालायचा. तो खुर्चीवर बसला, बरणी मांडीवर. पुनम टेबलावर झोपली. मशीनमधून तिच्या रक्ताचा आवाज खोलीभर घुमायला लागला. सूंप, सूंप, सूंप. कुठे अडखळ नाही, खरखर नाही. बरणीची काच बारीक थरथरत होती.

डॉक्टरबाईंनी पुन्हा पुन्हा पाहिलं. "दोन पाकळ्या आहेत," त्या म्हणाल्या. "पण आज रक्त मोकळं जातंय. झडपेपुढची मोठी रक्तवाहिनीही फुगलेली नाही."

"मी पळू का?" पुनमने विचारलं.

"आज मी तुला अडवणार नाही. भरतीच्या मेडिकलला काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही. पण दरवर्षी इथे यायचं. चुकवायचं नाही. बिघडायला लागलं तर आपल्याला आधी कळेल, तुझ्या वडिलांसारखं रस्त्यावर नाही."

पुनम टेबलावर उठून बसली. मल्लिनाथचं डोकं खाली गेलं होतं.

"कोन्त्या महिन्यात यायचं, म्याडम?" तिने विचारलं. "आत्ताच तारीख द्या. पप्पांचा भरवसा न्हाई."

मित्रांनो, टेबलावरच्या त्या पोरीच्या छातीत जी आहे ती नात्याने माझी कोण लागते, मला ठरवता आलं नाही. भाची म्हणा. ती अजून मऊ आहे. दिवसातून लाख वेळा उघडते, मिटते आणि आपल्यात काही वेगळं आहे हे तिला माहीत नाही. मला तिला सांगायचं होतं, बाई, दोन पाकळ्या हा गुन्हा नाही. सूज येईल, चुना येईल किंवा कदाचित काहीच येणार नाही. फक्त एकटी पडू नकोस, वर्षातून एकदा कुणालातरी ऐकू दे. पण माझं आता तिथे काही चालत नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात कोणी जिना चढताना मधेच थांबून चपलेचा पट्टा नीट करत असेल आणि पट्टा आधीच नीट असेल, तर त्याला दवाखान्यात न्या. आणि डॉक्टर जे सांगतील ते घरी सगळं सांगा. अर्धं गिळून छातीत ठेवू नका. तिथे आम्ही राहतो, आणि आम्हाला आधीच जागा कमी असते.